खुळखुळ्याचे बी, कोकेन आणि एचआयव्ही

दिवाळीच्या सुमारास बार्शीटाकळीच्या शिवारात बांधाबांधाने चालत गेले, की पिवळ्या फुलांचे आणि फुगीर शेंगांचे एक झुडूप हमखास दिसते. शेंग वाळली म्हणजे आतले बी सुटे होते आणि शेंग हलवली की खुळखुळ वाजते. म्हणून त्याचे नाव खुळखुळा. वऱ्हाडातल्या खेड्यात वाढलेल्या बहुतेकांनी लहानपणी ही शेंग कानाशी नेऊन वाजवलेली असते. वनस्पतिशास्त्रज्ञांनीही नाव ठेवताना आवाजाकडेच लक्ष दिले. या वंशाचे 'क्रोटॅलारिया' हे नाव चिपळ्यांसारख्या एका वाद्याच्या ग्रीक नावावरून आले आहे. हिरवळीच्या खतासाठी आपण पेरतो तो तागही याच वंशातला.

या वंशातल्या काही जातींच्या बियांत मोनोक्रोटॅलिन नावाचे विष असते. १९६० च्या दशकात अमेरिका आणि इंग्लंड येथील संशोधकांनी अशा एका जातीचे बी प्रयोगशाळेतल्या उंदरांना खाऊ घातले. काही आठवड्यांनी उंदरांची चिरफाड करून पाहिले, तेव्हा फुप्फुसातल्या बारीक रोहिण्यांच्या भिंती जाड झालेल्या होत्या, त्यांच्यातली वाट अरुंद झाली होती आणि हृदयाची उजवी बाजू चांगलीच जाडावली होती. विष गेले पोटात आणि दुखावले फुप्फुस! असे का व्हावे?

उत्तर आपल्या पाठ्यपुस्तकातल्या रक्ताभिसरणाच्या आकृतीतच आहे. मोनोक्रोटॅलिन मुळात फारसे अपायकारक नसते. आतड्यातून ते यकृतात जाते आणि तिथली विकरे त्याचे एका जहाल पदार्थात रूपांतर करतात. यकृतातून निघालेले रक्त हृदयाच्या उजव्या बाजूत येते आणि तिथून सरळ फुप्फुसात जाते. म्हणजे यकृत सोडल्यावर त्या विषाला भेटणारे केशवाहिन्यांचे पहिले जाळे फुप्फुसातले असते. पहिला तडाखा तेच खाते.

हे केवळ त्या विषापुरते खरे नाही. पोटातून शोषलेला असो की शिरेत टोचलेला असो, रक्तात शिरलेला कोणताही पदार्थ अंगभर पसरण्याआधी एकदा फुप्फुसातून जातोच. धुरातून ओढलेला पदार्थ तर तिथूनच रक्तात शिरतो. ही गोष्ट लक्षात ठेवली, तर या लेखातली पुढची कहाणी समजायला सोपी जाईल. कहाणी आहे एचआयव्हीचा विषाणू आणि कोकेन यांची. हे दोघे एकाच माणसाच्या शरीरात भेटले, तर फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचे काय होते, हे गेल्या वीसएक वर्षांत हळूहळू उलगडत गेले. मात्र ते कळण्यासाठी आधी शंभर वर्षांची तयारी व्हावी लागली.

एका हृदयाच्या दोन बाजू

हृदयाची आकृती काढताना आपण मुलांना सांगतो, की डाव्या जवनिकेची भिंत जाड काढा आणि उजवीची पातळ काढा. कारण विचारले, तर डाव्या बाजूला रक्त साऱ्या शरीराला पुरवायचे असते, असे सांगून आपण पुढे जातो. पण एक प्रश्न उरतो. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त डावी जवनिका बाहेर टाकते. उजवी जवनिकाही तेवढेच टाकते. कमी टाकले तर रक्त कुठेतरी तुंबेल. काम सारखे असताना एकीची भिंत दुसरीच्या सुमारे तिप्पट का?

फरक दाबाचा आहे. दंडावर पट्टा बांधून मोजतात तो दाब निरोगी माणसात १२० आणि ८० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो. त्याची सरासरी ९० च्या थोडी वर जाते. फुप्फुस-रोहिणीतला सरासरी दाब मात्र सुमारे १४ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ सहावा-सातवा हिस्सा! शेतातले उदाहरण घेऊ. विहिरीवरचा पंप पाणी वर उचलतो, त्याला जोर लागतो. तेच पाणी पाटातून वाफ्यांत सोडताना जोर लागत नाही. पाट रुंद असतात आणि वाफे पुष्कळ असतात. डावी जवनिका म्हणजे पंप आणि फुप्फुस म्हणजे वाफे. तिथे रक्त पातळ थराने पसरते, हवेशी जवळीक करते आणि प्राणवायू घेऊन परत फिरते. एवढ्या नाजूक पडद्यावर जास्त दाब चालतच नाही.

आता पाटात गाळ साचला तर? फ्रेंच वैद्य प्वाझय यांनी १८४० च्या दशकात बारीक काचनळ्यांतून द्रव सोडून एक नियम शोधला. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर प्रवाहाला होणारा विरोध दुप्पट किंवा चौपट होत नाही, तो सोळापट होतो. त्यामुळे रोहिणीची भिंत थोडीशी जाड झाली, तरी तिचा परिणाम मोठा होतो. पातळ भिंतीच्या उजव्या जवनिकेला हा भार पेलत नाही. ती आधी जाड होते, मग सैल पडून फुगते आणि शेवटी हरते. या आजाराला आपण फुप्फुस-रोहिणींचा अतिदाब म्हणू.

त्यात एक फसवणूक आहे. फुप्फुसातल्या वाहिन्या इतक्या विपुल असतात, की निम्म्याहून अधिक निकामी होईपर्यंत उरलेल्या वाहिन्या काम भागवून नेतात. रोग्याला धाप लागू लागते, तेव्हा बरेच नुकसान होऊन गेलेले असते.

न दिसणारा दाब

रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसातून डावीकडे जाते, हे तेराव्या शतकात कैरो येथे इब्न अल-नफीस यांनी लिहून ठेवले होते. हार्वे यांचा ग्रंथ १६२८ चा आहे. माल्पिघी यांनी १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या. म्हणजे मार्ग फार पूर्वीच माहीत झाला होता. पण त्या मार्गातला दाब कोणी मोजणार कसा? दंडावरचा पट्टा तिथे चालत नाही.

जर्मन वैद्य रोम्बेर्ग यांनी १८९१ मध्ये एका रोग्याच्या शवविच्छेदनात फुप्फुसातल्या रोहिण्या कडक आणि जाड झालेल्या पाहिल्या. कारण काही सापडले नाही. त्यानंतर कित्येक वर्षे हा आजार फक्त मेलेल्या माणसात सापडणारा आजार राहिला.

१९२९ मध्ये जर्मनीतल्या एबर्सवाल्डे गावच्या इस्पितळात व्हेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने एक धाडस केले. स्वतःच्या दंडातल्या शिरेत त्याने एक लांब रबरी नळी सरकवली आणि तशीच नळी घेऊन क्ष-किरण विभागात चालत गेला. नळीचे टोक उजव्या कर्णिकेत पोचल्याचे छायाचित्रात दिसले. वरिष्ठांनी कौतुक करायचे सोडून त्याला दूर केले. पुढे न्यूयॉर्कमध्ये कूर्नां आणि रिचर्ड्स यांनी हीच रीत सुधारून जिवंत माणसाच्या उजव्या हृदयातला आणि फुप्फुस-रोहिणीतला दाब मोजला. १९५६ चे नोबेल पारितोषिक तिघांना मिळून देण्यात आले.

मोजमाप आले, की आजाराला नाव येते. १९५१ मध्ये ड्रेस्डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'प्राथमिक' फुप्फुस अतिदाब असे नाव वापरले. वैद्यकात 'प्राथमिक' या शब्दाचा अर्थ पुष्कळदा 'कारण आम्हांला ठाऊक नाही' असा असतो. पुढची पन्नास वर्षे म्हणजे या 'प्राथमिक' गाठोड्यातून एकेक कारण बाहेर काढण्याचा इतिहास आहे.

बारीक होण्याच्या गोळ्या आणि भेसळीचे तेल

पहिले कारण औषधाच्या दुकानात सापडले. १९६५ मध्ये स्वित्झर्लंड, जर्मनी आणि ऑस्ट्रिया या देशांत भूक कमी करणाऱ्या अमिनोरेक्स नावाच्या गोळ्या विकायला आल्या. दोन वर्षांत स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांकडे फुप्फुस अतिदाबाचे रोगी येण्याचे प्रमाण सुमारे वीसपट वाढले. १९६८ मध्ये गोळ्या बंद झाल्या आणि काही वर्षांत लाट ओसरली. या प्रकारामुळे जागतिक आरोग्य संघटनेने १९७३ मध्ये जिनिव्हा येथे या आजारावरची पहिली जागतिक बैठक भरवली. भूक मारणाऱ्या फेनफ्लुरामिन या दुसऱ्या औषधाची तीच गत झाली. ते १९९७ मध्ये मागे घेतले गेले. १९८१ मध्ये स्पेनमध्ये यंत्रांसाठीचे भेसळ केलेले मोहरीवर्गीय तेल खाण्याचे म्हणून विकले गेले. सुमारे वीस हजार माणसे आजारी पडली आणि त्यांतल्या काहींना हाच अतिदाब जडला.

आपल्या मध्य भारतातही अशा विषाचा अनुभव आहे. त्या काळच्या मध्य प्रदेशातल्या सरगुजा जिल्ह्यात १९७० च्या दशकात काही गावांत पोटात पाणी होण्याची साथ आली. गोंदली नावाच्या बारीक धान्यात क्रोटॅलारियाचे बी मिसळले गेले होते. आमच्या खुळखुळ्याच्याच वंशातले हे बी! तिथे तडाखा यकृतातल्या बारीक नीलांना बसला होता. हा शोध १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला.

अमिनोरेक्सच्या प्रकरणाने एक कोडेही मागे ठेवले. गोळ्या लाखो लोकांनी घेतल्या, आजार झाला तो त्यांतल्या थोड्यांनाच. कारण एकच असेल, तर सगळ्यांना का झाला नाही? २००० साली बीएमपीआर-२ या जनुकातला दोष काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या अतिदाबामागे असल्याचे सापडले. तिथेही तेच दिसले. दोष असलेल्या दहा जणांपैकी जेमतेम दोन-तीन जणांना आजार होतो. यातून संशोधकांच्या मनात एक कल्पना पक्की होत गेली. एका घावाने बहुधा भागत नाही. आधी एक कमकुवतपणा असावा लागतो आणि त्यावर दुसरा घाव पडावा लागतो.

मद्रासचे सहा नमुने

अमेरिकेत एड्सचे पहिले रोगी १९८१ मध्ये नोंदले गेले. विषाणू १९८३ मध्ये पॅरिसला सापडला. आपल्याकडे 'हा परदेशी रोग आहे' असे म्हणण्याची सोय १९८६ पर्यंत टिकली. त्या वर्षी मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन यांनी आपली विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिला एड्सच्या शोधाचा विषय दिला. निर्मलाने शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने जमवले आणि ते वेल्लोरला नेऊन तपासले. सहा नमुन्यांत एचआयव्हीची लागण दिसली. अमेरिकेतल्या फेरतपासणीतही तोच निष्कर्ष आला. भारतातली ही पहिली नोंद.

सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे. मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९९३ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र सुरू केले. रोग्याला हात लावायलाही लोक घाबरत, त्या काळात तिथे उपचार, सल्ला आणि संशोधन एकत्र चालू झाले. पुढे त्यांचे पुत्र डॉ. सुनील सॉलोमन आणि त्यांचे सहकारी यांनी भारतातल्या अनेक शहरांत, सुईने नशा करणाऱ्यांमधल्या एचआयव्हीचा अभ्यास केला. सुनीतीबाई २०१५ मध्ये वारल्या.

मद्रासच्या नोंदीनंतर एका वर्षाने, १९८७ मध्ये, अमेरिकेतल्या दोन रोगनिदानतज्ज्ञांनी एड्सच्या एका रोग्याच्या फुप्फुसात जाडावलेल्या आणि गुंतवळ्यासारख्या झालेल्या रोहिण्या पाहिल्याची नोंद केली. असे रोगी मग इतरत्रही दिसू लागले. १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या पाहणीत १२०० एचआयव्हीबाधितांत सहा जणांना हा अतिदाब आढळला, म्हणजे दोनशेत एकाला. प्रमाण लहान वाटेल. पण सर्वसाधारण लोकांत हा आजार दहा लाखांत काही दहा-वीस जणांनाच असतो. बाधितांत त्याचा धोका शेकडो पटींनी वाढलेला होता.

विषाणूविरोधी औषधे आल्यावर हे प्रमाण घसरेल, अशी आशा होती. २००८ मध्ये फ्रान्समधल्या साडेसात हजारांवर बाधितांची पाहणी प्रसिद्ध झाली. प्रमाण ०.४६ टक्के निघाले. औषधांनी आयुष्य वाढले, पण फुप्फुसातल्या वाहिन्यांचा धोका तिथेच राहिला. शिवाय ठिकठिकाणच्या रोग्यांच्या याद्या चाळताना एक गोष्ट वारंवार दिसे. एचआयव्हीसह हा अतिदाब असलेल्यांत नशा करणाऱ्यांची संख्या मोठी होती.

पानातले कोकेन

कोकाची पाने दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात फार पूर्वीपासून चघळली जातात. त्यांतून शुद्ध कोकेन १८६० मध्ये जर्मनीत निमान यांनी वेगळे केले. १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी भूल म्हणून ते वापरले आणि जगभरच्या इस्पितळांत त्याला मागणी आली.

कोकेन ही आजच्या काळातली श्रीमंतांची नशा आहे, असे आपल्याला वाटते. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते आपल्या देशात पानाच्या विड्यातून खाल्ले जात होते. हे व्यसन आधी बिहारमधल्या भागलपूर भागात दिसले. कलकत्त्याचे डॉ. कैलासचंद्र बोस यांनी १९०२ मध्ये त्यावर लिहिले. कलकत्ता आणि मुंबई ही बंदरे चोरट्या मालाची दारे होती. जर्मनीतल्या मर्क कंपनीच्या मालाला इतका भाव होता, की तिच्या खोट्या चिठ्ठ्या लावून माल विकला जाई. विड्यातल्या चुन्यामुळे कोकेन तोंडातच लवकर शोषले जाते. औषधशास्त्रज्ञ रामनाथ चोप्रा यांनी १९३१ मध्ये या व्यसनाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. १९३० चा घातक औषधांचा कायदा आणि नंतरचे महायुद्ध यांच्या काळात हा व्यापार ओसरला. आज लागू असलेला अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा आहे.

कोकेन शरीरात काय करते? मज्जातंतूंच्या टोकांशी सुटलेले नॉरॲड्रेनॅलिन परत शोषले जाण्याची वाट ते बंद करते. मग नॉरॲड्रेनॅलिन साचून राहते, नाडी वाढते आणि वाहिन्या आकसतात. शिवाय पेशींमध्ये प्राणवायूचे तापट, अस्थिर कण वाढतात आणि ते पेशींची मोडतोड करतात. अतिदाबाच्या कारणांची जी यादी तज्ज्ञ आज वापरतात, तिच्यात अमिनोरेक्स आणि मेथॅम्फेटामिन 'निश्चित' या रकान्यात आहेत, तर एकटे कोकेन 'शक्य' या रकान्यात आहे.

दोन घाव

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात नवनीत धिल्लन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न हाती घेतला. त्यांचे काम समजण्यासाठी रोहिणीची भिंत डोळ्यांसमोर आणू. आतून एकाच थराचे पातळ अस्तर असते. त्याच्याबाहेर स्नायूपेशींचा पट्टा असतो. अस्तराच्या पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडून स्नायूंना सैल ठेवतात. स्नायूपेशींनी उगाच वाढू नये, म्हणून ब्रेक असतो. त्या ब्रेकचा एक महत्त्वाचा भाग म्हणजे मघाशी उल्लेख केलेला बीएमपीआर-२.

एचआयव्हीचा विषाणू मुख्यतः पांढऱ्या पेशींत राहतो. बिघडलेल्या रोहिण्यांत विषाणू शोधला, तर तो तिथे सापडत नाही. मग तो लांबून घाव कसा घालतो? लागण झालेल्या पेशींतून विषाणूची काही प्रथिने बाहेर पडतात. टॅट, नेफ आणि जीपी-१२० ही त्यांची नावे. ती रक्तातून फिरतात आणि अस्तराच्या पेशींना डिवचतात. २००६ मध्ये डेन्व्हरच्या सोनिया फ्लोरेस आणि सहकाऱ्यांनी माकडांवरच्या प्रयोगात नेफ या प्रथिनाचा रोहिण्यांच्या गुंतवळ्याशी संबंध दाखवला.

कॅन्ससच्या गटाने फुप्फुसाच्या अस्तराच्या पेशी काचपात्रात वाढवून त्यांना टॅट आणि कोकेन दिले. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही एकत्र दिल्यावर पेशींमधले जोड अधिक सुटले, अस्तर गळू लागले आणि जास्त पेशी मेल्या. एचआयव्ही असलेल्या आणि कोकेन घेणाऱ्या मृत व्यक्तींच्या फुप्फुसांतही हे सुटलेले जोड दिसले. स्नायूपेशींना वाढीचा इशारा देणारे प्रथिनही त्यांत वाढलेले होते. २०१३ मध्ये याच गटाने दाखवले, की टॅट आणि कोकेन मिळून स्नायूपेशींतला बीएमपीआर-२ चा ब्रेक ढिला करतात. म्हणजे जो दोष काही कुटुंबांत जन्मतः येतो, तोच इथे विषाणू आणि नशा मिळून घडवतात. पुढे विषाणूची प्रथिने अंगी असलेल्या उंदरांना कोकेन दिल्यावर त्यांच्या रोहिण्या अधिक जाड झाल्या.

अस्तर फाटते, स्नायू आकसतो, ब्रेक सुटतो आणि वाट बुजत जाते. दोन घावांची कल्पना इथे प्रयोगात उतरली.

आपल्याशी याचा काय संबंध?

एम्सच्या केंद्राने केंद्र सरकारसाठी केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार कोकेन वापरणारे लोकसंख्येच्या ०.१० टक्के होते. अफू, हेरॉइन आणि त्या वर्गातली औषधे वापरणारे मात्र सुमारे दोन टक्के होते. सुईने नशा करणाऱ्यांची संख्या साडेआठ लाखांच्या घरात होती. तेव्हा आपल्याकडचा प्रश्न कोकेनपेक्षा अफूवर्गाचा अधिक आहे.

त्याचेही उत्तर याच गटाने शोधले. २०१२ मध्ये त्यांनी एचआयव्हीसारख्या विषाणूची लागण झालेली माकडे आणि मॉर्फिन यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. केवळ लागण झालेल्या किंवा केवळ मॉर्फिन दिलेल्या माकडांपेक्षा, दोन्ही असलेल्या माकडांच्या फुप्फुसांत रोहिण्यांची जाडी आणि गुंतवळे कितीतरी ठळक होते. शिवाय तोंडाने घ्यायच्या गोळ्या कुटून टोचणाऱ्यांत आणखी एक घाव पडतो. गोळीतल्या शंखजिऱ्याच्या भुकटीचे कण शिरेतून निघून पहिल्याच गाळणीत, म्हणजे फुप्फुसात, अडकतात.

२०२१ च्या सरकारी अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख एचआयव्हीबाधित होते आणि त्यांत महाराष्ट्रातले ३.९४ लाख, सर्व राज्यांत सर्वाधिक. अशा माणसाला धाप लागली, की पहिला संशय क्षयाचा येतो आणि तो यायलाच हवा, कारण बाधितांत क्षय फार आढळतो. पण थुंकी आणि छायाचित्र स्वच्छ निघाले, तरी जिना चढताना दम लागतो, पाय सुजतात, भोवळ येते, तेव्हा विचार इथेच थांबता कामा नये. हृदयाची ध्वनिलहरींची तपासणी उजव्या बाजूवरचा ताण दाखवू शकते. पक्के निदान फोर्समानच्या नळीच्या आजच्या वंशजाने होते. उपचारही आहेत. सिल्डेनाफिलसारखी औषधे वाहिन्या सैल करतात. २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले सोटाटरसेप्ट हे औषध तर त्या ढिल्या ब्रेकच्याच यंत्रणेवर काम करते.

या ठिकाणी लपवाछपवी जिवावर बेतते. एचआयव्हीवरच्या काही औषधांबरोबर सिल्डेनाफिल दिले, तर त्याचे रक्तातले प्रमाण धोकादायक वाढते. रोग्याने आपली लागण हृदयाच्या डॉक्टरापासून लपवली, किंवा नशेची सवय सांगितलीच नाही, तर डॉक्टर अंधारात तीर मारतो. रोगी लपवतो तो लाजेने आणि भीतीने. ती लाज आणि भीती आपण समाजाने त्याच्या पदरात टाकलेली असते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने शाळेत, नोकरीत आणि दवाखान्यात बाधितांशी भेदभाव करण्यास बंदी केली आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून विषाणूविरोधी औषधे मोफत मिळू लागली आणि २०१७ पासून निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. ही माहिती वर्गात सहजपणे आणि कुजबुज न करता सांगितली, तर तिचा उपयोग होईल.

वर्गात काय करता येईल?

नववी-दहावीच्या वर्गात एक प्रयोग करावा. सारख्या लांबीच्या दोन नळ्या घ्याव्या. एक दुसरीच्या निम्म्या व्यासाची असावी. सारख्या उंचीवर ठेवलेल्या दोन बाटल्यांच्या तळाशी त्या बसवाव्या आणि एका मिनिटात किती पाणी येते ते मोजावे. सोळापटीचा हिशेब तंतोतंत जुळणार नाही, कारण पाणी वेगाने वाहताना भोवरे पडतात. नळ्या जितक्या बारीक आणि लांब, तितके उत्तर नियमाच्या जवळ येईल. मग मुलांना विचारावे, की बारीक नळीतूनही तेवढेच पाणी हवे असेल तर काय करावे लागेल? 'बाटली वर उचलावी लागेल,' असे कोणीतरी म्हणेल. उजव्या जवनिकेला तेच करावे लागते, दिवसरात्र, आणि उचलता उचलता ती थकते.

दुसरा प्रश्न आकृतीवरचा आहे. दंडात टोचलेले औषध मेंदूत पोचेपर्यंत कोणकोणत्या कप्प्यांतून जाते, ते ओळीने लिहायला सांगावे. प्रत्येक मुलाच्या यादीत मेंदूच्या आधी फुप्फुस येईल. न आले, तर आकृती पुन्हा काढायला लावावी.

आणि बांधावरच्या खुळखुळ्याची शेंग वर्गात आणायला काहीच हरकत नाही. ती वाजवू द्यावी. बी मात्र तोंडात घालू देऊ नये.